शेवटची काळी पट्टी

हवालदारकाका डिसेंबरात पंखा लावून झोपत. नाशिकची थंडी ज्यांनी अंगावर काढली आहे, त्यांना या वाक्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. त्यातून आमचा देवळाली कॅम्प म्हणजे उघडं माळरान, पहाटे नळाखाली हात धरला तर बोटं आपली राहायची नाहीत. अशा दिवसांत समोरच्या बैठ्या घरातून छताच्या पंख्याची खडखड रात्रभर चालू असे. सकाळी काकू रजया उन्हात टाकायला बाहेर येत आणि शेजारणींना ऐकू जाईल अशा बेताने म्हणत, "फौजेनं यांना सोडलं, पण यांनी मला बर्फात पोस्टिंग दिलंय."

काका मूळचे चांदवडकडचे. घरची कांद्याची शेती भावांवर सोडून तोफखान्यात भरती झाले आणि हवालदार म्हणून निवृत्त झाले. निवृत्तीनंतर फौजी माणूस गावाकडे जातो, घर बांधतो, पंचायतीत भांडतो. हे मात्र तोफांचा आवाज येईल अशाच टप्प्यात घर घेऊन राहिले. गावी का गेला नाहीत, असं विचारलं तर म्हणत, "गावाकडं फार शांत असतं हो." आम्ही हसायचो. नव्वदच्या दशकात शांततेला कंटाळलेला माणूस आमच्या पाहण्यात नव्हता, तेव्हा हा फौजी विनोद असणार असं आम्ही धरून चाललो होतो.

त्यांच्या घरी दर रविवारी सकाळी आमची बैठक असे. बैठक हा शब्द मोठा झाला. काका पेटी वाजवत, मी गात असे, आणि तबल्यावर सोपानराव असत. मी शाळेत गणित शिकवत होते आणि गाण्याची हौस वर्गातल्या मुलांपासून लपवून ठेवली होती. सोपानराव मखमलाबादकडचे माळी. पहाटे गुलाब आणि शेवंती काढायची, बाजारात पोचवायची, आणि मग डग्गा-तबला स्कूटरला बांधून आमच्याकडे यायचं, हा त्यांचा रविवार. दवात फुलं तोडून त्यांची बोटं इतकी आखडलेली असत, की पहिला अर्धा तास ते ठेका धरण्यापेक्षा चहाचा कप धरण्यातच जास्त रमत. आमचं गाणं ऐकायला कुणी येत नसे आणि तेच आमच्या पथ्यावर पडलं होतं.

या बैठकीचा मोसम होता हिवाळा. तुळशीचं लग्न झालं की काका निरोप धाडत आणि होळी झाली की बैठक आपोआप विरून जाई. उन्हाळ्या-पावसाळ्यात का नाही, याचंही उत्तर काकांनी एकदा देऊन टाकलं होतं. "तेव्हा पंखे असतात, पाऊस असतो. गरज पडत नाही." मला वाटलं, पंख्याच्या आवाजात गाता येत नाही असं त्यांना म्हणायचं असेल. माझा गणिताचा अभ्यास चांगला होता, माणसांचा तितका नव्हता.

त्यांची आणखी एक तऱ्हा होती. पेटी सुरू होताना ते पंखा बंद करत आणि चीज संपली, की भाता मिटायच्या आधीच हात लांबवून पंख्याचं बटण दाबत. म्हणजे गाताना जरा ऊब यायची आणि चहा पिताना कुडकुडायचं. सोपानराव गळ्याभोवतीचं उपरणं कानावर ओढून म्हणायचे, "हवालदारसाहेब, लय गार सुटलंय. निदान एकवर तरी आणा." काका एकवर आणत. दोन घोट झाले की पुन्हा तीनवर गेलेला असे.

मधूनच तोफांच्या रेंजवर सराव सुरू असला तर खिडकीच्या काचा थरथरत. ऐन गाण्यात धडाड झालं की मी दचकून शब्द विसरत असे. काका पेटी न थांबवता, मान न हलवता म्हणत, "सम चुकली त्यांची." एरवी हा माणूस विनोद करताना ओठ हलवत नसे, त्यामुळे तो विनोद आहे हे समजेपर्यंत पुढची ओळ आलेली असे.

पंख्याचं रहस्य मला कळलं ते पेटीच्या निमित्ताने. एका रविवारी सोपानरावांना बाजारात उशीर झाला. काका आणि मी दोघंच बसलो होतो. बोलायला काहीतरी हवं म्हणून मी विचारलं, "काका, तोफखान्यातून एकदम पेटीकडे कसे वळलात?"

काकांनी पेटीवरचं कापड नीट केलं. "एक सूर शोधायचा होता," ते म्हणाले. मग डाव्या कानाकडे बोट नेलं. "इथं एक सूर चालू असतो, मॅडम. बारीक. शिट्टीसारखा. नोकरीत लागला तो गेलाच नाही. कानात कापूस घालायचा असतो, पण कापूस घातला की बाकीची पोरं हसायची. मग मी पण काढून टाकला. जवान होतो, अक्कल कुठं होती."

"डॉक्टरांना दाखवलं?"

"दाखवलं. ते म्हणाले, हा बाहेर नाही, आतच आहे. याच्यासोबत राहायला शिका." काकांनी पेटीवरचं कापड बाजूला केलं. "ज्याच्यासोबत राहायचं, त्याचं नाव तरी माहीत पाहिजे की नाही? म्हणून शहरात वाद्यांच्या दुकानात गेलो. एकेक पट्टी दाबून बघितली. दुकानदार वैतागला. म्हणाला, घ्यायची असेल तर घ्या. शेवटी सापडला." त्यांनी पेटीच्या अगदी उजव्या टोकाला बोट दाखवलं. शेवटची काळी पट्टी. तिथपर्यंत कुणाचं गाणं जात नाही, बोटंही जात नाहीत. "हीच. म्हटलं, द्या बांधून."

"आणि मग शिकलात?"

"एका सुरासाठी एवढी मोठी पेटी घेतली. बाकीच्या पट्ट्या फुकट जायला नकोत, म्हणून शिकलो."

मी हसले, कारण ते नेहमीसारखे ओठ न हलवता बोलले होते. पण ते बोट अजून त्या पट्टीवर अधांतरी होतं. त्यांनी ती दाबली नाही. पुढे इतकी वर्षं मी त्यांच्याशेजारी बसले, पण ती पट्टी त्यांनी दाबलेली मी कधीच पाहिली नाही. पावसाचा, पंख्याचा, तोफांचा, कशाचाही आवाज असला की आतला सूर त्यात मिसळून जायचा. हिवाळ्यात पंखे बंद, खिडक्या बंद, सगळा कॅम्प चिडीचूप. मग तो सूर आणि काका असे दोघेच उरायचे. त्या दिवशी घरी आल्यावर मी स्वयंपाकघरात उगाच नळ सोडून उभी राहिले.

काकूंना हे माहीत होतंच. पण काकू मनमाडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेल्या. रात्रभर गाड्यांचं शंटिंग, इंजिनांच्या शिट्ट्या, लाउडस्पीकर, आणि त्यातच गाढ झोप. "आमच्या मनमाडला जन्मभर शिट्ट्याच ऐकल्या की," त्या म्हणायच्या. "आम्ही लावले का पंखे? मन दुसरीकडं लावलं की होतं." दोघांचं एकमेकांवर प्रेम होतं, त्यात शंका नको. काकू वर्षानुवर्षं त्या पंख्याखाली झोपल्या, माहेरी जाऊन राहिल्या नाहीत. पण जे ऐकूच येत नाही त्यावर विश्वास ठेवायचा तरी किती आणि कसा.

मग एका वर्षी थंडी अशी पडली, की द्राक्षवाले बागांतून रात्री शेकोट्या पेटवू लागले. हवा इतकी कोरडी झाली, की ओठ आणि दारं सारखीच तडकत होती. त्या रविवारी काकांनी भाता हलवला, आणि मी तोंड उघडायच्या आत पेटीतून एक बारीक सूर निघाला. कुठल्याही पट्टीवर बोट नव्हतं. लाकूड आकसलं होतं की आतलं चामडं कडक झालं होतं कोण जाणे, पण उजव्या टोकाची एक पट्टी नीट मिटत नव्हती, आणि भाता चालेल तोवर तिचा सूर चालू राहत होता. मी सोपानरावांकडे पाहिलं. सोपानरावांनी माझ्याकडे पाहिलं. काका वाजवत राहिले.

पहिल्या रविवारी आम्ही वाट पाहिली, ते थांबतील, पेटी उघडतील, वाहत्या पट्टीखाली कागदाची घडी सारतील. आधी एकदा अशी पट्टी अडकली होती तेव्हा त्यांनी तेच केलं होतं. पण ते थांबले नाहीत. दुसऱ्या रविवारीही नाहीत. वर, आयुष्यात पहिल्यांदा, त्यांनी गाणं चालू असताना पंखा चालूच ठेवला.

बाहेर पडल्यावर सोपानराव स्कूटरला किक मारायचं सोडून उभे राहिले. "ताई, हवालदारांचे कान गेले."

"असं काही बोलू नका."

"मग काय? येवढी किंकाळती पट्टी मला पार फाटकापासून ऐकू येती आन् त्यांना मांडीजवळ असून येत नाय. तोफांनी खाल्ले कान, दुसरं काय. पण सांगायचं कोणी? सांगितलं तर माणूस पेटीला हात लावायचा नाय परत."

आम्ही काय करावं? सरळ विचारावं, हे दोन शहाण्या माणसांच्या डोक्यात यायला हवं होतं. आम्हाला सुचलं ते निराळंच. मी नेहमी काळी चारमध्ये गात असे, आणि त्या पट्टीत हा वाहता सूर मधेच मध्यम होऊन बसे, प्रत्येक गांधाराच्या मानेवर. काळी तीनमध्ये गायलं तर तोच पंचम होतो. म्हणजे तानपुऱ्यासारखा मागे पडून राहील, कुणाला सलणार नाही. मी घसा धरल्याचं निमित्त सांगून काळी तीन घेतली. सोपानराव बिचारे थंडीने आपसूक चढलेला तबला हातोडीने ठोकून ठोकून खाली आणू लागले. काकांना त्यांचं बहिरेपण कळू नये म्हणून आम्ही एका बिघडलेल्या पट्टीभोवती अख्खं गाणं फिरवून घेतलं, आणि आपण केवढे समंजस, अशा नजरेने एकमेकांकडे पाहू लागलो.

काका मात्र दर रविवारी जास्तच गप्प होत गेले. दाढी वाढली. चीज संपली की ते पेटीपासून मागे सरकून बसत, पेटी चावेल अशा बेताने. एकदा त्यांनी मला हळूच विचारलं, "मॅडम, वयानं माणसाच्या आतलं वाढत जातं का हो?" मला वाटलं, रक्तदाबाबद्दल बोलत असतील. मी फिरायला जा म्हणून सांगितलं.

संक्रांत होऊन गेली होती. त्या रविवारी एक भजन झालं, काकांनी भाता मिटला आणि पेटीवर कापड घातलं. म्हणाले, "आजची शेवटची. पेटी तुम्ही घेऊन जा, मॅडम."

सोपानरावांचा हात तबल्यावरच राहिला. मी विचारलं, "का पण?"

"वाढलाय तो," काका म्हणाले. "आधी पेटी वाजवली की दबायचा. यंदा पेटी वाजवली की वाढतो. पेटी थांबवली की कमी होतो. म्हणजे पेटीनंच वाढतोय. आता बाकीचे सूर त्याच्याखालून शोधावे लागतात. असंच चाललं तर तुमचं गाणं पण ऐकू यायचं नाही. त्यापेक्षा आत्ताच बंद केलेलं बरं." हे त्यांनी अर्ज वाचून दाखवावा तसं सांगितलं, पण कापडाचं टोक त्यांच्या हातात चुरगळलं होतं.

माझ्या डोक्यात प्रकाश पडायला आणि काकू चहाचा ट्रे घेऊन यायला एकच गाठ पडली. काकू म्हणाल्या, "बंद करा नाही तर चालू करा. पण आधी ती किंचाळणारी पट्टी तरी नीट बसवा. महिनाभर माझं डोकं उठलंय स्वयंपाकघरात."

काकांनी मान वर केली. "कोणती पट्टी?"

"कोणती म्हणजे? ती शेवटची. भाता हलवला की शिट्टी मारते ती."

काकांनी कापड काढलं आणि कुठेही बोट न ठेवता नुसता भाता हलवला. तो सूर खोलीत आला. "हा?" त्यांनी विचारलं.

"हाच की."

"तुला ऐकू येतो?"

"मला काय, गल्लीला ऐकू येतो."

काकांनी माझ्याकडे पाहिलं, सोपानरावांकडे पाहिलं. आम्ही दोघांनी माना हलवल्या. काका भाता हलवत राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ओठ न हलवणारा हा माणूस चक्क हसत होता. "हाच तो," ते म्हणाले. "अगं, हाच तो. बरोब्बर हाच."

पेटीने आकसायला नेमकी तीच पट्टी का निवडावी, याचं उत्तर माझ्या गणितात नाही. टोकाच्या पट्ट्या वापरात नसतात, त्याच आधी बिघडतात, असं एक पेटीवाला मला नंतर म्हणाला. असेल. काकूंना असल्या कारणांशी कर्तव्य नव्हतं. त्यांनी ट्रे जमिनीवर ठेवला, पदर खोचला आणि काकांच्या समोर बसून भात्याला स्वतः हात घातला. चहा निवत गेला. त्या ऐकत होत्या.

"हे असं सारखं?" त्यांनी विचारलं.

"सारखं."

"झोपेत पण?"

"झोप लागली की नाही. पण लागेपर्यंत."

काकू आणखी थोडा वेळ भाता हलवत राहिल्या. मग हात काढला. सूर थांबला. आमच्यासाठी थांबला, हे त्यांच्या त्याच क्षणी लक्षात आलं असावं, कारण त्यांनी चटकन काकांच्या कानाकडे पाहिलं. "इतकी वर्षं," त्या म्हणाल्या, "आणि मी आपली मनमाड मनमाड करत बसले." त्या उठल्या आणि पंखा तीनवर लावून चहा गरम करायला आत गेल्या. त्यानंतर काकूंच्या तोंडून पंख्याविरुद्ध एक अक्षर निघालं नाही.

पट्टी दुरुस्त करायची नाही, असं काकांनी ठरवलं. "राहू दे. आता तो माझ्या एकट्याचा नाही." दर हिवाळ्यात गारठा पडला की पेटी तो सूर लावी आणि आम्ही सगळे त्याच्या वर काळी तीनमध्ये गात असू, आता निमित्त न सांगता. काका पुन्हा सम चुकल्याच्या गोष्टी बोलू लागले. मी गायले त्यातली सगळ्यात बरी वर्षं तीच, असं मला वाटतं. पण खरं सांगायचं तर तो सूर माझ्यासोबत घरीही येऊ लागला. रात्रीची भांडी आवरून झाली, दिवे मालवले, की मी कान देऊन बघत असे. ऐकू येत नसेच. तरी बघत असे.

दोन हजार सालानंतरच्या एका पावसाळ्यात काका गेले. दुपारी, जेवून आडवे झाले असताना, बाहेर धो धो पाऊस पडत होता. त्यांना तेव्हा तो सूर ऐकू येत नसणार, या विचाराने मला बरं वाटलं होतं. दिवाळी झाली, तुळशीचं लग्न झालं, आणि बोलवायला कुणी नव्हतं तरी सोपानराव आणि मी एका रविवारी तिथे जाऊन बसलो. काकू शाल गुंडाळून बसल्या होत्या आणि डोक्यावर पंखा चालू होता.

"हा कशाला आता?" मी विचारलं.

"राहिलाय चालू," काकू म्हणाल्या.

पेटी समोरच होती. त्या रोज सकाळी देवपूजा झाली की थोडा वेळ भाता हलवतात, असं त्यांनी सांगितलं. गारठा पडल्यापासून सूर पुन्हा यायला लागला होता. मला गलबलून आलं. मी म्हटलं, "म्हणजे काका येतात." हे वाक्य आपल्याला छान सुचलं, असंही मनात कुठेतरी वाटलं असावं.

काकूंनी माझ्याकडे जरा रोखूनच पाहिलं. "ते नाहीत येत. त्यांचा त्रास येतो." मग सोपानरावांकडे वळून म्हणाल्या, "भाऊ, ही पेटी शहरात नेऊन दुरुस्त करून आणाल का? ती पट्टी बसवून घ्या नीट."

सोपानरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "काकू, नका ना. तेवढीच एक खूण राहिलीय त्यांची. काकांनीच राहू दे म्हटलं होतं."

"ते होते तोवर बरोबर होतं. त्यांना सोबत पाहिजे होती," काकू म्हणाल्या. "तुम्हाला ती आठवण आहे गं. त्यांना ती जन्मभर वाजली. ते सुटले, आणि मी इथं रोज सकाळी तीच वाजवत बसू?"

सोपानरावांनी पेटी पोत्यात गुंडाळून स्कूटरला बांधली. फाटकाबाहेर त्यांनी भाता हलणार नाही अशी दोरी दोनदा आवळली. ती वाटेत वाजली असती तर आपल्याला सहन झालं नसतं, असं ते नंतर म्हणाले.

पुढच्या रविवारी पेटी परत आली. नव्या चामड्याचा वास येत होता. काकूंनी ती समोर ओढली, पदर खोचला आणि भाता हलवला. नुसता वाऱ्याचा हलका आवाज. बाकी काही नाही. त्या तशाच हलवत राहिल्या, मान किंचित कलती करून, काका करायचे तशी. मग त्यांनी उजवा हात लांबवला आणि शेवटच्या काळ्या पट्टीवर बोट ठेवलं. त्या घरात ती पट्टी कुणी स्वतःच्या बोटाने दाबलेली मी पहिल्यांदाच पाहत होते. सूर आला, बारीक, ओळखीचा.

काकूंनी बोट उचललं. सूर थांबला.

"एवढंच करता यायला पाहिजे होतं त्यांना," त्या म्हणाल्या.

सोपानरावांनी त्या दिवशी स्कूटरवरून तबला सोडलाच नाही. चहा झाला. आम्ही निघालो तेव्हा काकू पेटीवर कापड घालत होत्या. मी चपला घालून दारात पोचले, तशी त्यांनी मागून हाक मारली.

"सुनंदा, जाताना तेवढा पंखा बंद कर."